सहा नंबरचा ठोका

ठोका आला नाही. सुलोचनाबाई बाजेवर उठून बसल्या होत्या, पितळी तांब्या मांडीवर पालथा धरून, आणि त्याचा गारवा लुगड्यातून झिरपत गुडघ्यापर्यंत उतरला होता. पौषातली पहाट, खिडकीच्या फटीत नुसतं राखेसारखं उजाडलेलं. पहिल्या खोलीतला ठोका त्यांना कधी ऐकू येत नसे, पण तिसरीपासून पुढचा अंगात चढायचा, कोणीतरी एकेक पायरी चढत आपल्याच दाराशी यावं तसा. ठक ठक ठक. मग श्वासभर शांतता. पुन्हा ठक ठक ठक, थोडा जवळ. आजही तसाच आला. चौथीचा आला, पाचवीचा आला. पाचवीचा ठोका सहावीतल्या तानाबाईच्या भिंतीवर पडायचा. आता तिनं उठायचं, खोकायचं, कुरकुरायचं आणि आपला जर्मनचा गडवा सातवीच्या, म्हणजे सुलोचनाबाईंच्या भिंतीवर आपटायचा. सुलोचनाबाईंनी दहा श्वास मोजले. मग वीस. पलीकडून ठोके बसून बसून भिंतीचा चुना अलीकडेही वाटीएवढा फुगला होता, त्या फुगाऱ्याकडे त्या बघत राहिल्या, जणू ठोका आता ऐकू नाही आला तरी दिसेल. दिसला नाही. आणि त्यांना जे पहिल्यांदा वाटलं ते काळजीचं नव्हतं, हे पुढं त्यांनी स्वतःपासून पुष्कळ दिवस लपवून ठेवलं. त्यांना वाटलं, बरोबर आहे. हेच व्हायचं होतं. रागावली.

ही रीत वच्छलाबाईंनी लावलेली. बोरगावच्या कडेला, वर्धा संपते आणि पऱ्हाटीची, कापसाची, वावरं सुरू होतात तिथं, कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं आठ खोल्यांची चाळ बांधली होती. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना असून नाही त्यांच्यासाठीही. पाटीवरचं नाव लांबलचक होतं, गावात मात्र 'बुढ्यायची चाळ'. नियम तीन. दाराला आतून कडी लावायची नाही, नुसतं लोटायचं. मागच्या विहिरीचं पाणी सगळ्यांचं. आणि जात विचारायची नाही. या तिसऱ्या नियमामुळे सगळ्यांना सगळ्यांची जात पहिल्या आठवड्यातच कळली होती. चाळ नवी असताना तिसऱ्या खोलीतला एक म्हातारा गेला आणि दोन दिवस कोणाला पत्ताच नाही. शेजारचे म्हणाले, आम्हांला वाटलं गावाले गेला. वच्छलाबाईंनी तीस वर्षं सुईणीचं काम केलेलं, जन्मणाऱ्याच्या पाठीवर थापट्या मारून त्याला रडवायची त्यांना सवय. त्या म्हणाल्या, "येनाऱ्यायले मारल्या, आता जानाऱ्यायसाठी मारू. भिंतीवर." पहाटे त्या आपल्या खोलीतून दुसरीच्या भिंतीवर तीन ठोके देत. दुसरीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला. शेवटच्या आठव्या खोलीत डोमाजी. सूतगिरणीच्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच खाल्लेले. ते पहाटेपासून सातवीच्या भिंतीला तळहात लावून बसत. हाताला तीन धक्के कळले की काठी टेकत ओसरीवर यायचे आणि वाशाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा लोखंडी पहारीनं वाजवायचे. रूळ वाजला की आठही चुली पेटत. आठही जिवंत.

सुलोचनाबाईंना तो आवाज का गोड लागायचा, हे त्यांच्या मुलाला, बंडूला, कळलं नसतं. त्याच्या नागपूरच्या घरी काय कमी होतं? वर पंखा होता. सून दोन वेळा ताट वाढून देई, आणि ताटात कधी काही उणं नसे. पण त्या घरात त्यांना कोणी हाक मारत नसे. "त्यांना विचार", "त्यांचं झालं का", "त्यांच्या खोलीतला दिवा मालव" असं सगळं त्यांच्याविषयी चाले, त्यांच्याशी नाही. एकदा त्यांनी दिवस मोजायला घेतले, कोणी आपल्याशी समोरासमोर, तोंडाकडे बघून, किती दिवसांत बोललं नाही ते. आणि मोजता मोजता भ्याल्या आणि सोडून दिलं. दुपारी पाट्यावर चटणी वाटताना त्या वरवंट्याला म्हणायच्या, सरक बाबा तिकडं. वरवंटा सरकायचा. तेवढाच काय तो शब्दाला मान. मग वर्ध्याच्या एका नातलगाकडून चाळीचं कळलं, आणि बंडू 'लोक काय म्हणतील' असं दोनदा म्हणून तिसऱ्यांदा टांगा घेऊन आला. चाळीतल्या पहिल्या पहाटे भिंतीतून ठक ठक ठक आलं तेव्हा त्या दचकल्या. नंतर ध्यानात आलं, हे आपल्याला आहे. दुसऱ्या कोणाला नाही; या ठोक्याला या जगात एकच माणूस उत्तर देऊ शकतो. घाईघाईनं तांब्या घेऊन त्यांनी आठवीच्या भिंतीवर तीनच्या जागी सात-आठ दिले. सहावीतून तानाबाईचा आवाज आला, "तीनच व बाई! लगन नाई लागून राह्यलं!" सुलोचनाबाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या ते त्यांनी मोजलं नाही, कारण आता मोजायचं काम राहिलं नव्हतं.

तानाबाईनं उभा जन्म जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस निवडला. तंतू छातीत बसून बसून तिला खोकला कायमचा लागलेला, ती म्हणायची, "माह्या छातीत एक रजई भरते." नवरा नाही, एक मुलगी होती ती बाळंतपणात गेली. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन ती दीक्षा घेऊन आली होती. त्या दिवशीचं पांढरं लुगडं तिनं घडी घालून पेटीत ठेवलेलं, आणि त्याविषयी बोलताना तिचा आवाज नीट बसून बोलल्यासारखा व्हायचा. "लय गर्दी व बाई. चप्पल हरपली माही तिथी. पन मान सापडली." दुपारी चारला ती सुलोचनाबाईंच्या उंबऱ्याशी यायची, चहाला. पहिल्या दिवशी सुलोचनाबाईंनी तिला कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो कप वेगळा ठेवलेला होता, कोनाड्यात, आणि कशासाठी वेगळा ते दोघींनाही ठाऊक होतं. तानाबाईनं तो मुकाट घेतला आणि पिऊन, धुऊन, पालथा घातला. दुसऱ्या दिवशीही. कधी बदललं ते नेमकं सांगता येत नाही. एका दुपारी पाऊस होता, ओसरीवर थेंब येत होते, सुलोचनाबाई म्हणाल्या, आत ये, तिथं काऊन बसली. आणि हाताला लागला तो कप भरून दिला. तो चांगल्यातला होता. मग तोच पडला. कान तुटलेल्या कपात सुलोचनाबाईंनी नवऱ्याच्या रेल्वेच्या कोटाची पितळी बटनं ठेवली. नवरा पार्सल ऑफिसात होता; कोट कसरीनं खाल्ला, बटनं उरली. तानाबाईनं एकदा ती हातात घेऊन पाहिली, पदरानं पुसली आणि परत ठेवली. "साहेबावानी दिसत असन तुहा बुढा," ती म्हणाली. नवऱ्याला कोणी म्हातारा म्हणाल्याचं सुलोचनाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि काल बंडू आला. न कळवता, चारच्या सुमारास, हातात संत्र्यांची पिशवी. सुनेला दिवस गेलेत, म्हणाला. घरात मोठं माणूस पाहिजे. आई, आता पुरे झालं हे, चल. दोन वर्षांपूर्वी हे शब्द ऐकायला त्यांनी वरवंटासुद्धा खाली ठेवला असता. आता त्या नुसतं 'चहा घे' म्हणाल्या. आधण ठेवलं, कप काढले, आणि तेवढ्यात नेहमीचा खोकला ओसरीवर वाजला. तानाबाई उंबऱ्यात उभी. बंडूकडे बघून म्हणाली, "हा का तुहा पोरगा? नाकाडोयानं तुह्यावानीच हाय." बंडूनं हात जोडले. त्यात काही नव्हतं. बंडू कचेरीतल्या कोणाबरोबरही, कुठल्याही हॉटेलात चहा पीत होता. कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी डोळे मोठे केले नव्हते. तरी सुलोचनाबाईंचा हात कोनाड्याकडे गेला. हात गेला, असंच त्यांना नंतर आठवायचं. मी नेला असं नाही. हातानं कान तुटलेला कप उचलला, बटनं ओंजळीत ओतून घेतली, ती कुठं ठेवायची ते न सुचून मुठीतच धरली, आणि दुसऱ्या हातानं त्या कपात चहा ओतून उंबऱ्यावर ठेवला. तानाबाईनं कपाकडे पाहिलं. मग सुलोचनाबाईंच्या मुठीकडे. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "बटनं कुठी ठेवली मंग?" आणि उत्तराला न थांबता गेली. चहाला साय धरली. बंडू संत्रं सोलत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं; 'विचार करून पत्र टाक' म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं गेलासुद्धा. ज्याच्यासाठी केलं त्याला कळलंसुद्धा नाही, हे सुलोचनाबाईंना सगळ्यांत जास्त लागलं.

म्हणून आता भिंत गप्प होती. सुलोचनाबाई तांब्या धरून बसल्या आणि ती मुकी भिंत त्यांना काल जितकी वाचता आली नसती तितकी वाचता येत होती. तानाबाई जागी आहे. पडून आढ्याकडे बघते आहे. म्हणते आहे, घे, तुले पाह्यजे होतं ना वेगळं, घे वेगळं. आता आपण ठोका दिला नाही तर डोमाजी हात लावून बसून राहतील, रूळ वाजणार नाही, वच्छलाबाई ओरडत येतील, सगळी चाळ सहावीच्या दारात गोळा होईल. आणि तानाबाई धडधाकट उठून बाहेर येईल आणि सांगेल. कपाचं सांगेल. बटनांचं सांगेल. वच्छलाबाई काही बोलणार नाहीत, फक्त सुलोचनाबाईंकडे बघतील. आणि उद्यापासून या आठ खोल्यांतही त्या 'त्यांना विचार' होतील. पलीकडं काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं, की वाटलं नाही. उंदीर असेल. सुलोचनाबाई उठल्या. आठवीच्या भिंतीपाशी गेल्या आणि तीन ठोके दिले, मोजून, नीट अंतर ठेवून. काठीचा आवाज ओसरीवर आला. रूळ वाजला. आठही जिवंत.

विहिरीवर वच्छलाबाईंनी विचारलं, "तानाबाई कुठी हाय आज?" सुलोचनाबाई दोर सोडत होत्या. "झोपू द्या. रातभर खोकत होती," त्यांच्या तोंडून आलं, आणि बादली पाण्यावर आपटली. खोकली होती की नव्हती? त्यांना आठवेना. भाकरी थापताना त्यांचं लक्ष सहावीच्या धुराकडे होतं, धूर नव्हता. असेल, चूलही पेटवली नसेल रागानं, शिळं खाल्लं असेल. माणसानं किती रागवावं! दुपारपर्यंत त्यांना तानाबाईचा उलट रागच आला. एवढ्याशा कपाचं काय ते. मी काय हाकलून दिली का? मग तीनच्या सुमारास राग जसा आला तसा उतरला आणि खाली नुसता गाळ राहिला. त्यांनी चहा टाकला. चांगले दोन कप काढले, काल बंडूसाठी काढलेले. दोन्ही भरून, पदरानं धरून, जन्मात पहिल्यांदा त्या स्वतः सहावीच्या दारात चहा घेऊन गेल्या. काय बोलायचं ते ठरवलं होतं: "बटनं डब्यात ठेवली." एवढंच. ती हसेल. कोपरानं दार लोटलं.

तानाबाई खाली फरशीवर होती, बाजेपासून दोन हात, भिंतीपासून एक हात. अंगाखाली उजवा हात गेलेला. गडवा उंबऱ्यापर्यंत घरंगळत येऊन थांबलेला. त्यातलं पाणी वाहून सुकलेलं, फरशीवर नुसता नकाशा. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते, आणि ते दाराकडे नव्हते, भिंतीकडे होते, सातवीच्या. सुलोचनाबाईंच्या हातातले कप पडले नाहीत. त्यांनी ते नीट खाली ठेवले, कडेला, सांडू नयेत म्हणून. हेही त्यांना नंतर फार वेळा आठवलं. मग त्यांनी पाहिलं की तानाबाईचा श्वास चालू आहे, आणि डोळे हलले, आणि त्यांच्यावर येऊन थांबले. त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर चाललं असतं. पहाटेपासून दुपारपर्यंत एकाच भिंतीकडे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जे असतं ते होतं. आणि तेव्हा सुलोचनाबाईंच्या मनात आलं ते इतकं साधं होतं की त्यांना बसावंच लागलं: हिला ऐकू येत होतं. पाचवीचा ठोका हिला आला होता. हिचा गडवा भिंतीपर्यंत पोचला नाही. आणि मग इथं पडल्या पडल्या हिनं ऐकलं की सातवीतून आठवीला ठोका गेला. रूळ वाजला. हिच्यावरून गेला.

छोट्या बैलगाडीत, रेंगीत, गवत टाकून तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. वच्छलाबाई सोबत चढल्या आणि चाकाशी उभ्या सुलोचनाबाईंना वरून विचारलं, "डॉक्टर पुसन, कवा पडली म्हनून. सकाळचा ठोका तं आलता ना?" सुलोचनाबाईंनी बैलांच्या शिंगांकडे पाहिलं. "आलता," त्या म्हणाल्या. "म्हंजे त्याच्या बादच पडली," वच्छलाबाई स्वतःशी हिशेब लावत बोलल्या, आणि रेंगी हलली. खोटं एवढं हलकं असतं हे सुलोचनाबाईंना ठाऊक नव्हतं. तीन अक्षरं. वजन नंतर आलं, रोज थोडं थोडं. वच्छलाबाई दवाखान्यातून येऊन सांगायच्या: उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात शाबूत हाय. डॉक्टर म्हणे, झटका यायचा तं येते, ते कोनाच्या हातात नाई. पन थंड फरशीवर पडून राह्यली, छाती धरली, त्याचंच भेव. "चार-सा घंटे आधी दिसली असती तं," वच्छलाबाई म्हणायच्या आणि डोक्याला हात लावायच्या, "माही चूक. त्या दिवशी मीच जाऊन पाह्यलं पाह्यजे होतं." सुलोचनाबाई त्यांच्यासमोर बसून ऐकायच्या, आपली चूक, दुसऱ्यानं स्वतःवर घेतलेली. पहाटे पाचवीतून ठोका आता सरळ ओसरीवरून दिला जाई, सहावीच्या दारावरून चालत येऊन सातवीच्या कडीवर. तो ठोका त्यांना आपला वाटेना. त्यांनी बंडूला पत्र टाकलं: ये, नेऊन जा.

बंडू यायच्या आदल्या संध्याकाळी तानाबाईला परत आणली. बाज सातवीच्या भिंतीला लावली, गडवा डाव्या हाताशी ठेवला. वच्छलाबाईंनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "ठोका देता येईन का व? पाह्य बरं." तानाबाईनं गडवा उचलला आणि भिंतीवर मारला. एक. दोन. तीन. पातळ, पण नीट. सगळे हसले, डोमाजींनी रुळाकडे बोट करून टाळी वाजवली. सुलोचनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. तानाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. सातवीत त्यांची पेटी भरून तयार होती. बटनांचा डबा तळाशी, वर लुगडी. सकाळच्या पॅसेंजरनं बंडू, दुपारच्या गाडीनं परत. रात्र कशीतरी संपली. मग तिसरी, चौथी, पाचवी. ठक ठक ठक, तानाबाईच्या भिंतीवर. आणि मग काही नाही.

सुलोचनाबाई ऐकत राहिल्या. पलीकडं श्वास होता, जड, घरघरता, जागा. गडव्याची कड बाजेच्या लाकडाला लागल्याचा बारीक आवाज आला, म्हणजे गडवा हातात होता. हात शाबूत होता. काल तीन वाजवलेच की. ठोका येत नव्हता कारण ठोका देत नव्हती. आणि ती थांबली होती. बघायला, की आज काय करते. सुलोचनाबाईंच्या हातातला तांब्या आठवीच्या भिंतीपर्यंत सहज गेला असता. पेटी भरलेली होती. दुपारपर्यंत प्रश्न होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि बसून राहिल्या. रूळ वाजला नाही. खूप वेळानं ओसरीवर पावलं आली, वच्छलाबाईंचा आवाज आला, "कुठी अटकलं? कोन अटकलं?" सुलोचनाबाई उठल्या, दार उघडून ओसरीवरून सहावीत गेल्या. मागून सगळे आलेच. तानाबाई उशीला टेकून होती, गडवा डाव्या हातात, डोळे उघडे. "हात दुखून राह्यला का व?" वच्छलाबाईंनी तिला विचारलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "नाई. तिचा हात चांगला हाय." आणि मग, डोळे तानाबाईवरून न काढता, "त्या दिवशी बी नव्हता आला ठोका. मीच पुढं देल्ला."

ओसरीवरून डोमाजी विचारत होते, "काय म्हन्ते? काय म्हन्ते ते?" वच्छलाबाई त्यांच्याकडे वळल्या, कारण डोमाजींना सांगावंच लागतं, आणि ओरडून सांगावं लागतं. "त्या दिवशी सा नंबरातून ठोका नव्हता आला म्हन्ते! हिनंच देल्ला म्हन्ते! रागानं का कायनं!" आठही खोल्यांनी ऐकलं, वावरात कापूस वेचायला निघालेल्या बायांनीही ऐकलं असेल. डोमाजींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, ज्याला त्या सकाळी तीन धक्के कळले होते. "मी तं रूळ वाजवला," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि काठी टेकत गेले. वच्छलाबाईही गेल्या. त्या सुलोचनाबाईंशी त्यानंतर महिनाभर कामापुरतं बोलल्या, आणि महिन्यानंतरही कामापुरतंच. बंडू आला, पेटी बघून खूश झाला. मग आईनं 'मी येत नाही' म्हणून सांगितलं. "काऊन नाही?" त्यानं तीनदा विचारलं. "तुह्या घरी लई जनं हायेत," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोरगं झालं की कळवजो." टांगा रिकामा गेला. पेटीतून त्यांनी आधी बटनांचा डबा काढला.

आता चारला त्या सहावीत जातात. चांगल्या कपातला चहा चमच्यानं तिच्या डाव्या गालात सोडतात, ओघळ पुसतात. पहिल्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बटनं डब्यात ठेवली हायेत." तानाबाईनं चहा गिळला. तिला कळलं की नाही, की कळून ते उत्तर तिला उशिरा आलेलं वाटलं, हे सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत, आणि सुलोचनाबाईंकडे विचारायला तोंड नाही. लुगडं बदलणं, कूस वळवणं, सगळं त्या करतात. पेटीतलं पांढरं लुगडं तेवढं तानाबाई त्यांना हात लावू देत नाही. ते वच्छलाबाईंनी उन्हात घालायचं. आणि पहाटे ठोका येत नाही. एकदाही आला नाही. पाचवीतून येतो, मग थांबतो. पलीकडं ती श्वास घेत पडलेली, गडवा हातात. अलीकडं ह्या, तांब्या मांडीवर. दोघी पूर्ण जाग्या. एकटेपण म्हणाल तर ते आता कोणालाच उरलेलं नाही. मग सुलोचनाबाई उठतात, थंडी असो की पाऊस, ओसरीवरून जाऊन सहावीचं दार लोटतात आणि तानाबाईच्या तोंडाकडे बघतात. तानाबाई त्यांच्या तोंडाकडे बघते. किती वेळ, ते तिच्यावर असतं. तिनं डोळे मिटले की ह्या परत येतात आणि आठवीच्या भिंतीवर तीन ठोके देतात. बोरगावची माणसं म्हणतात, बुढ्यायच्या चाळीचा रूळ आजकाल उशिरा वाजते.